तरंगमबाडीचं न्यू जेरुसलेम चर्च आणि पुढे तंजावर

शुक्रवार : मायिलाडुतुरैहून समुद्राकडे

तंजावर आपलं, मराठ्यांचं, म्हणून बरेच जण जातात. मोठं देऊळ, राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय पाहून परततात. ताईचं म्हणणं वेगळं होतं. तिनं आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. ती म्हणाली, "सरफोजीराजांना समजून घ्यायचं तर आधी त्यांच्या गुरूचं गाव बघू. तंजावर मग." सरफोजी म्हणजे तंजावरचे मराठे राजे, आणि हा गुरू म्हणजे क्रिस्टियान फ्रिडरिक श्वार्ट्झ, लुथरन पाद्री. ३० जुलै १७५० रोजी तो ज्या गावात दाखल झाला, ते कावेरीच्या मुखाजवळचं तरंगमबाडी. डॅनिश लोक त्याला ट्रांकेबार म्हणत.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीनं सकाळी मायिलाडुतुरैला उतरलो. स्टँडवरून तरंगमबाडीची बस मिळते, तासाभराचा रस्ता. जानेवारीचा शेवट होता. भाताची कापणी चालू होती, आणि एका ठिकाणी रस्त्याच्या कडेलाच भात वाळत घातलेलं होतं. त्याला वळसा घालून बस सावकाश पुढे गेली. कुणी हॉर्न वाजवला नाही.

गावात शिरायला पांढरी, दणकट वेस आहे. ही १७९२ सालची. वेशीच्या आत पाऊल टाकलं की तमिळनाडूतल्या बाजारगावाचा गलका एकदम मागे पडतो. सरळ रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना खांबांचे ओटे असलेली घरं, टोकाला समुद्र. रस्त्याचं नाव किंग स्ट्रीट. दोन्ही जुनी चर्चं याच रस्त्यावर आहेत, त्यामुळे इथे वाट चुकायची भीती नाही.

हे गाव डॅनिशांकडे कसं गेलं, ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकानं डेन्मार्कच्या ओवे येद्दे या दर्यासारंगाशी करार केला. व्यापारासाठी हे गाव आणि किल्ला बांधायची परवानगी दिली, बदल्यात दरवर्षीचा खंड ठरला. पुढे अर्धशतकात तंजावरची गादी व्यंकोजीराजांकडे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाकडे आली. तेव्हापासून डॅनिशांचे जमीनमालक मराठे झाले. संबंध नेहमी गोडीचे नव्हते. सतराव्या शतकाच्या अखेरीला तंजावरच्या फौजेनं या गावाला वेढाही घातला होता. १८४५ मध्ये डॅनिशांनी आपल्या हिंदुस्थानातल्या वसाहती इंग्रजांना विकल्या, आणि हे बंदर मागे पडलं. आजची शांतता त्यातूनच आलेली.

दुपारी किल्ल्यासमोरच्या मैदानाजवळ एका घरगुती खानावळीत जेवलो. वंजरम, म्हणजे आपली सुरमई, तिखट मसाल्यात तळलेली, सोबत भात आणि मिरीचं पातळ रसम. वाढणाऱ्या बाईंनी ताईच्या पानातला रिकामा कोपरा पाहून न विचारता आणखी एक तुकडा ठेवला, आणि "साप्पिडुंगो अम्मा" असं इतकं मायेनं म्हणाल्या की ताईला नाही म्हणता येईना.

संध्याकाळी किनाऱ्यावर. मासिलामणिनाथाचं मंदिर चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्याचा पुढचा भाग समुद्रानं कधीच नेला, उरलेल्याच्या पायाशी आता मोठे दगड टाकलेत. जवळच ९ जुलै १७०६ ची आठवण सांगणारं स्मारक आहे. त्या दिवशी बार्थोलोमेउस त्सीगनबाल्ग आणि हाइनरिक प्लुत्शाऊ हे दोन तरुण जर्मन इथे उतरले. त्यांना डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक यानं पाठवलं होतं. हिंदुस्थानातलं पहिलं प्रोटेस्टंट मिशन इथून सुरू झालं. त्सीगनबाल्ग तेव्हा जेमतेम चोविशीचा होता.

जाणाऱ्यांसाठी : ऑक्टोबर ते डिसेंबर इथे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस, कधी वादळही. जानेवारी आणि फेब्रुवारी उत्तम. राहायला जुनी दुरुस्त केलेली घरं आहेत, साध्या खोल्याही मिळतात. पोहायला हा समुद्र बरा नाही.

शनिवार : दोन चर्च, एक किल्ला

सकाळी आधी झायन चर्च. हे १७०१ सालचं, डॅनिश अधिकारी आणि व्यापाऱ्यांसाठी बांधलेलं. त्सीगनबाल्गनं आपला पहिला बाप्तिस्मा १७०७ च्या मे महिन्यात इथेच दिला, तोही डॅनिश घरांतल्या पाच गुलामांना. गोऱ्या मालकांच्या देवळात त्यांचेच गुलाम पुढे येऊन उभे राहिले, तेव्हा बाकांवरच्या मंडळींना काय वाटलं असेल, याचा विचार मी बराच वेळ करत होते. आज हे चर्च दक्षिण भारत मंडळीकडे, म्हणजे सी.एस.आय.कडे आहे.

गावच्या लोकांसाठी वेगळं, त्यांच्या भाषेत उपासना होणारं देऊळ हवं, हे त्सीगनबाल्गनं लगेच ओळखलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिलं जेरुसलेम चर्च उभं राहिलं. पण मंडळी वाढली, समुद्रानंही त्या इमारतीचं नुकसान केलं. मग ९ फेब्रुवारी १७१७ रोजी किंग स्ट्रीटवर नव्या चर्चची कोनशिला बसली आणि ११ ऑक्टोबर १७१८ रोजी त्याचं समर्पण झालं. हेच न्यू जेरुसलेम चर्च. आम्ही आलो होतो ते याच्यासाठी.

दर्शनी भिंतीवर मुकुट, त्याखाली फ्रेडरिक राजाची गुंफलेली अक्षरं आणि साल १७१८. देवळाच्या कपाळावर देवाचं नाही, राजाचं चिन्ह, हे पाहून ताई थबकली. पण ते चिन्ह त्या काळी कवचासारखं होतं. इथल्या डॅनिश सुभेदाराला हे मिशन मुळीच नको होतं. १७०८ मध्ये त्यानं त्सीगनबाल्गला किल्ल्यात चार महिने डांबलं होतं. राजाचं नाव भिंतीवर असलं की सुभेदाराला हात आखडता घ्यावा लागे.

दार बंद होतं. शेजारच्या शाळेत विचारलं तर एक निवृत्त शिक्षक स्वतःहून किल्ली आणायला गेले. वय सत्तरच्या पुढे, पांढरी वेष्टी, हातात छत्री. "स्तोत्रम्," असा हात जोडून नमस्कार करून त्यांनी दार उघडलं आणि मग पुढचा बराच वेळ ते आमच्याबरोबरच राहिले. त्यांचं इंग्रजी शाळेतल्यासारखं, नीट तोडून बोललेलं. आमचं तमिळ शून्य.

आत आधी जाणवतो तो थंडावा. विटा-चुन्याच्या जाड भिंती, वर कमानदार छत, सगळं पांढरं. लांब दांड्यांना टांगलेले पंखे. गोव्यातली चर्चं पाहिलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा रिकामंच वाटेल. सोन्याचा मुलामा नाही, संतांच्या मूर्तींच्या रांगा नाहीत, कोनाड्यांत मेणबत्त्या नाहीत. नजर वेदीकडे जाते. तिच्यावर क्रूस, दोन मेणबत्त्या आणि हिरवं वस्त्र. हे वस्त्र चर्चच्या पंचांगानुसार बदलतं, असं गुरुजींनी सांगितलं. उपवासकाळात जांभळं, सणाला पांढरं. बाजूला लाकडी पुलपिट, म्हणजे प्रवचनाचं उंच व्यासपीठ. आणि बाप्तिस्म्याचं पात्र. बस, एवढंच.

थोडा वेळ बसल्यावर या कमीपणाचा अर्थ कळायला लागतो. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यानं सात संस्कारांपैकी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन एवढे दोनच ठेवले, आणि तिसरं महत्त्व दिलं ते लोकांच्या भाषेतल्या वचनाला. या खोलीत नेमक्या त्या तीन गोष्टींसाठी तीन वस्तू आहेत : पात्र, वेदी, पुलपिट. बाकी सगळी जागा ऐकणाऱ्यांची. त्सीगनबाल्ग तमिळ शिकला तो गावठी शाळेत मुलांच्या रांगेत बसून, वाळूत अक्षरं गिरवत. मग त्यानं नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचं, तमिळ भाषांतर केलं. इंग्लंडहून छपाईयंत्र आलं, जर्मनीतल्या हाले शहरातून, जिथे मिशनचे वरिष्ठ होते, तमिळ टाइप आला. तो टाइप फार मोठा, कागद खूप लागे. म्हणून लहान टाइप इथेच ओतला, शेजारच्या पोरैयारला कागदाचा कारखाना काढला, आणि १७१५ पर्यंत नवा करार छापून झाला. भारतीय भाषेत छापलेला तो पहिला नवा करार. चर्च त्यानंतर तीन वर्षांनी. म्हणजे ऐकवायचं पुस्तक आधी तयार झालं, ऐकायची इमारत मागून आली. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

इमारतीचा आराखडा क्रूसाच्या आकाराचा आहे, चारही बाहू आखूड. मधल्या चौकाजवळून बोललं की चारही बाजूंना ऐकू जातं, हा त्याचा फायदा. पण दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. या मिशनच्या देवळांत वेळ्ळाळ वगैरे जातींचे ख्रिस्ती आणि दलित ख्रिस्ती वेगवेगळे बसत, आणि क्रूसाचे बाहू त्या विभागणीला सोयीचे पडले, असं सांगितलं जातं. मी गुरुजींना हे विचारलं. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी एका बाहूकडे बोट दाखवून सांगितलं, "माझे पणजोबा तिथे बसायचे. मी पुढच्या बाकावर बसतो." इतकंच बोलून ते वेदीकडे वळले. ज्या देवळाची मांडणीच सगळ्यांना एकच वचन ऐकवण्यासाठी केली, तिथे माणसं अशी तोडून बसवली गेली, हे मला सोपं करून सांगता येत नाही. सांगूही नये.

वेदीच्या एका बाजूला त्सीगनबाल्गची कबर. २३ फेब्रुवारी १७१९ रोजी तो गेला, वय ३६. दुसऱ्या बाजूला त्याचा सहकारी ग्रुंडलर, तो पुढच्याच वर्षी. चर्चचं समर्पण झाल्यावर त्सीगनबाल्गला या पुलपिटवर साडेचार महिनेसुद्धा मिळाले नाहीत. ताईनं पदर सावरून शिळेला हात लावला. मी लावला नाही, पण तिथून लवकर हलवेना.

१७३३ च्या २८ डिसेंबरला आरोन नावाच्या तमिळ माणसाला इथे पाळकपदाची दीक्षा मिळाली, भारतातला पहिला प्रोटेस्टंट देशी पाळक. पुढे मिशन जर्मनीच्या लाइपझिगवाल्यांकडे गेलं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं जर्मन मिशनऱ्यांना काढलं, तेव्हा स्वीडनच्या मंडळीनं भार उचलला, आणि १४ जानेवारी १९१९ रोजी तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च स्वतंत्र उभं राहिलं. न्यू जेरुसलेम आजही त्याचंच चर्च आहे. बिशपची गादी तिरुचिरापल्लीला, पण पदवी अजून ट्रांकेबारचीच.

आवारात जुनी थडगी आहेत, काही शिळा लॅटिन, काही जर्मन, काही डॅनिश, काही तमिळ. खाऱ्या वाऱ्यानं पुष्कळ अक्षरं झिजलीत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनं या गावातली कितीतरी माणसं नेली. गुरुजींनी तो दिवस सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. नंतर इन्टॅकसारख्या वारसा जपणाऱ्या संस्थांनी जुनी घरं दुरुस्त केली, चर्चचीही डागडुजी झाली.

दुपारी डॅन्सबोर्ग किल्ला आणि त्याच्यातलं छोटं संग्रहालय पाहिलं. किल्ल्यापेक्षा मला त्सीगनबाल्गचं घर आवडलं. तिथे हालेच्या फ्रांके संस्थेच्या मदतीनं संग्रहालय केलंय, छपाईची माहिती तिथे उत्तम मिळते. त्यानं १७१३ मध्ये दक्षिणेतल्या देवदेवतांवर मोठा जर्मन ग्रंथ लिहून पाठवला होता. हालेच्या वरिष्ठांना तो रुचला नाही. छापला गेला तो दीडशे वर्षांनी, १८६७ मध्ये, मद्रासला. धर्म पटवायला आलेला माणूस आधी समोरच्याचा धर्म इतक्या बारकाईनं लिहून ठेवतो, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

जाणाऱ्यांसाठी : चर्च एरवी बंद असतं, आवारात विचारलं की किल्ली येते. दारात चपला दिसल्या तर आपणही काढाव्यात. फोटोला विचारून घ्या. संग्रहालयांचे सुट्टीचे वार वेगवेगळे, आदल्या दिवशी चौकशी करा.

रविवार : उपासना

गुरुजींनी बोलावलंच होतं. घंटा झाली तेव्हा आम्ही मागच्या बाकावर. बायका डोक्यावर पदर घेऊन, मोगऱ्याचे गजरे माळून आलेल्या. काल रिकामी वाटलेली खोली भरली आणि तिचा आवाजच बदलला. कमानीखाली समूहाचं गाणं असं काही घुमलं की शब्द न कळूनही अंगावर काटा आला.

इथे दोन तऱ्हेची गाणी असतात. जर्मन चालींवर बांधलेली ज्ञानप्पाट्टु, आणि कर्नाटक रागांतली कीर्तनं. एक गाणं संथ, पायऱ्या चढल्यासारखं. पुढचं एकदम टाळ्यांच्या ठेक्यावर. पलीकडच्या म्हातारबाईंनी आपलं पुस्तक माझ्यापुढे धरलं. मला वाचता येत नाही हे लक्षात आल्यावरही धरूनच ठेवलं.

कीर्तनांच्या या परंपरेतलं मोठं नाव वेदनायगम शास्त्री, १७७४ ते १८६४. श्वार्ट्झनं त्यांना बारा वर्षांचे असताना तंजावरला आणलं. राजपुत्र सरफोजी तेव्हा श्वार्ट्झच्याच देखरेखीखाली, त्यामुळे दोघं सहाध्यायी. शेजारच्या देवळात बृहदीश्वर पुजणाऱ्या राजानं या ख्रिस्ती कवीला पुढे दरबारात मान दिला. आणि हेच शास्त्री नव्या मिशनऱ्यांनी जातीच्या वेगळ्या बैठका मोडायला घेतल्या तेव्हा त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांची कीर्तनं मात्र आज सगळ्याच बाहूंतून म्हटली जातात.

प्रवचन अर्धा तास चाललं. प्रभुभोजनाच्या वेळी रांगा वेदीपाशी जाऊन गुडघे टेकू लागल्या, त्सीगनबाल्ग आणि ग्रुंडलरच्या मधोमध.

शेवटी एक अनपेक्षित गोष्ट. कुणी नवसाचं म्हणून केळीचा घड, दोन नारळ आणि एक कोंबडी आणली होती. उपासना संपल्यावर बाहेर त्यांचा लिलाव झाला, पैसे चर्चला. ताईनं हात वर करून बोली लावली. समोर एक तरुण मुलगा चढवत होता. त्यानं ताईकडे पाहिलं, हसून हात खाली घेतला आणि घड आमचा झाला. अर्धा घड तिथल्या पोरांनीच संपवला.

सोमवार : तंजावर

मायिलाडुतुरै आणि कुंभकोणम मार्गे तंजावर. कुंभकोणमला पितळी डबरा-पेल्यातली कॉफी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढंच प्रवासाबद्दल.

शिवगंगा बागेत, मोठ्या देवळाच्या अगदी जवळ, श्वार्ट्झनं १७७९ मध्ये बांधलेलं चर्च आहे. त्सीगनबाल्गच्या चर्चपेक्षा हे साधं, पण आत एक वस्तू अशी आहे की तिच्यासाठी महाराष्ट्रातून यावं. जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं पांढऱ्या संगमरवरातलं उठावशिल्प. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर, उशाशी त्याचा सहकारी गेरिके, पायाशी शाळेतली मुलं. आणि शेजारी उभे राहून त्याचा हात हातात घेतलेले सरफोजीराजे. हे शिल्प स्वतः राजांनी करवून घेतलं.

यामागची हकिकत अशी. १७८७ मध्ये तंजावरचे तुळजाजीराजे वारले. जाण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतलेल्या सरफोजीला श्वार्ट्झच्या भरवशावर सोपवलं होतं. गादी तुळजाजींचा सावत्र भाऊ अमरसिंह याच्याकडे गेली, मुलाला कोंडून ठेवल्यागत वागवलं गेलं. श्वार्ट्झनं पाठपुरावा करून त्याची मद्रासला सोय लावली, शिक्षण चालू ठेवलं. तमिळ, फारसी, मराठी जाणणारा हा माणूस १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. गुरूच्या समाधीसाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या : कणखर, नम्र, अनाथांचा पिता, विधवांचा आधार. राजांनी धर्म बदलला नाही, गुरूनं त्यासाठी साथ सोडली नाही. ताई शिल्पासमोर बसून राहिली. "वर्गात हे कधी दाखवता आलं नाही," एवढंच म्हणाली.

तरंगमबाडीच्या छापखान्याचा धागा इथे मराठीपर्यंत येतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सरफोजींनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला, आणि १८०६ मध्ये तिथे 'बालबोधमुक्तावली' हे इसापाच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं गेलं. पुण्या-मुंबईत मराठी छपाईनं मूळ धरण्याआधी. त्याच सुमारास बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी मराठी व्याकरण छापत होता, आणि श्रीरामपूरही डॅनिशांचंच. छापील मराठीच्या आरंभाशी डॅनिश वसाहतींचा असा दुहेरी संबंध आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं.

दुपारी बृहदीश्वराच्या प्राकारात सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहिला. आम्ही मोठ्यानं वाचत होतो, तर मागून एक आजी म्हणाल्या, "तुम्ही महाराष्ट्रातल्या का?" तंजावरी मराठीच, हेल तमिळ. त्यांनी घरी नेलं. डांगर पच्चडी वाढली, उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरीची फोडणी. श्वार्ट्झचं चर्च कधी पाहिलंत का, असं ताईनं विचारलं. "लहानपणी बागेत खेळायला जायचो, आत कधी गेलो नाही," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी ताई त्यांना तिथे घेऊन गेली.

जाणाऱ्यांसाठी : श्वार्ट्झ चर्चही बहुधा बंदच असतं, सकाळी लवकर जाऊन किल्लीची चौकशी करा. आणखी वेळ असेल तर तिरुचिरापल्लीला जा. तिथे श्वार्ट्झचंच १७६६ सालचं चर्च आहे, तंजावरहून रेल्वेनं दीड तासाच्या आत पोचता येतं. आणि तरंगमबाडीला जायचं ठरवलं तर रविवार गाठा.